कल्हईखाली

आधी विस्तव. मग नवसागराचा धूर,
मग कथलाची कांडी आतून फिरली
की पितळ आपला रंग गिळून गप्प.
उदगिरात अब्बाचं काम एवढंच, असं सगळ्यांना वाटे.
मी भाता मारायची. मी मुकी होते.

म्हणजे नव्हते. नऊ वर्षांची होते,
आणि अब्बानं एका रात्रीत मला मुकी केलं:
"मुक्यापुढं माणसं तोंड सैल सोडतात, मैमुना."
सोडत. ठाण्यामागं देगा घासत बसलेल्या माझ्यासमोर
रजाकार काडतुसं मोजत, पान थुंकत,
कुठल्या गावावर कधी जायचं तेही ठरवत.
रात्री मी अब्बाच्या तळहातावर बोटानं रेघा ओढायची:
घोडे अकरा. जीप एक. बुधवार.

तो खिळ्यानं कोरायचा, भांड्याच्या बुडात,
वरून कल्हई, आरशासारखी.
ज्याला ठाऊक, त्यानं भांडं रिकामंच चुलीवर धरावं,
कथील पाघळलं की फडकं फिरवावं.
अक्षर वर येतं.
मला वाचायला मुद्दाम शिकवलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी
एक तपेली हातात दिली.
"हाळीला पद्मिणबाईकडं. तिचा दीर मास्तर आहे, त्याला दे.
ते म्हणतील तसं कर."
तिरूच्या उतारावर तीन टोप्या दिसल्या.
एकानं हाक मारली.
मी मुकी, बहिरी थोडीच होते?
पण पाय बहिरे झाले.
केकताडात तपेली खुपसली
आणि दिवस मावळायला घरी.

अब्बानं मला दारात पाहिलं.
इतका वेळ पाहिलं की भट्टी राखुंडली.
मग तळहात पुढं केला.
मी बोटानं सांगितलं: दिली.
त्यानं मूठ मिटून घेतली.
भाकरीवर त्या रात्री माझ्या एकटीला साय.

पहाटे आले.
"ये लडकी किसकी?"
"मालूम नहीं साब. गूंगी है. बाजार में मिली, भाता मारती."
मी बघत राहिले.
त्याला चौकातून नेला, वेशीतून नेला,
मी मुकीच.

तपेली पुढं मीच शोधून आणली.
तिच्यात बटणं ठेवली, सुया, औषधाच्या पुड्या.
सत्तरच्या वर पोळे गेले.
न पोचलेल्या निरोपापायी किती माणसं कापली गेली असतील,
हे मोजत मी चार बाळंतपणं काढली.
मदरशात मुलांबरोबर मागं बसून
उर्दू शिकले, तरी तपेली तापवली नाही.

परवा नातवानं बटणं ओतली, गॅस लावला.
"दादी, एकदाचं बघून टाकू."
कथील थरथरलं, गोळा होऊन कडेला पळालं.
मी पदर फिरवला.

*पोरीला ठेवून घ्या.
काही झालं तरी इकडं परत पाठवू नका.*

त्याखाली, जागा नव्हती म्हणून काठाकडं चढत गेलेलं:

*मुकी नाही ती. बोलेल.*

नातवाला उर्दू येत नाही.
"काय लिहिलंय?"
पदराला भोक पडलं होतं, बोट भाजलं होतं.
"हिशेब आहे," मी म्हणाले,
"कुणाकडून तरी सव्वा रुपया येणं होतं."