लोणीतज्ज्ञ

आधी त्यांनी फोनवर विचारलं,
तुम्ही चालता का?
मला वाटलं गुडघ्यांची चौकशी आहे.
म्हणजे बोलता बोलता, म्हणाली ती डब्लिनची मुलगी,
कॅमेऱ्याकडे न बघता.

सव्वीस वर्षं माझं काम बसूनच.
मेयो काउंटीतल्या एका संग्रहालयाचं तळघर,
आणि दलदलीतून निघालेलं लोणी.
हो, लोणीच.
कुणीतरी लाकडी बुधल्यात भरून
काळ्या पीटच्या चिखलात पुरलेलं,
दीड हजार वर्षांनी कुणाच्या तरी फावड्याला लागलेलं,
मेणासारखं, राखाडी, आणि वास तर असा की...
वासाचं राहू द्या, म्हणाला ओशीन, दिग्दर्शक,
वास दिसत नाही.

नोव्हेंबर होता.
लाल कोट त्यांनीच आणला,
माझा करडा कोट दलदलीत विरघळत होता म्हणून.
सात वेळा त्याच पाणथळीतून चालत आले.
तिसऱ्या वेळी एक बूट आतच राहिला.
सातव्या वेळी ऊन पडलं आणि मी ओरडले,
अरे, हे बघा!
जे मी अकरा वर्षांपूर्वी पाहिलं होतं,
तोलून, नंबर घालून कपाटात ठेवलं होतं.
आश्चर्य पुन्हा करता येतं
हे मात्र मला नवीन होतं.

मग, का पुरलं असेल?
कदाचित टिकावं म्हणून, म्हटलं, खाली गार असतं.
कदाचित वसुलीला येणाऱ्यांपासून लपवायला.
कदाचित देवाला.
ओशीननं घड्याळ पाहिलं.
तीन कदाचित, आणि आपल्याकडे चाळीस सेकंद.
एक काहीतरी निवडा ना. आणि तो शब्द नको,
लोक चॅनल बदलतात.
मऊ लागलं की कोपरानं खणतात, तसं त्याचं झालं होतं,
आणि मी मऊ लागले.
भिंगावर पावसाचे चार थेंब.
आवाजवाल्या पोराचं नाक गळत होतं.
देवाला, म्हणाले मी.
सुंदर. आता जरा सावकाश, क्षितिजाकडे बघत.
देवाला.

फेस्टस लावेल बांधावर उभा होता
ट्रॅक्टर बंद करून; घरघर येते म्हणून करायला लावला होता.
जमीन त्याची, फावडं त्याचं.
त्याला काही विचारलं नाही कुणी.
हात तेवढे घेतले, पीट कापताना,
मनगटापर्यंत.

रविवारी रात्री बहिणीच्या सोफ्यावर बसून पाहिलं.
छातीखाली पांढरी पट्टी:
डॉ. ब्रीज गिलवॅरी, लोणीतज्ज्ञ.
कोट छान आहे, बहीण म्हणाली.
किती ठाम होती ती बाई!
मला तिचा हेवा वाटला.
तिचा निबंध माझ्याकडे तपासायला आला असता
तर मी परत पाठवला असता.

मंगळवारी पेट्रोल भरताना फेस्टस भेटला.
देवाला, होय?
ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं.
नक्की माहीत नाही, फेस्टस.
त्यानं नळी जागेवर अडकवली, टोपी मागे सारली.
मला वाटतं, विसरला असेल.
कोण?
पुरणारा. पुरलं, घरी गेला, आणि जागाच आठवेना.
सगळं सारखंच तर दिसतं तिथं.
माझ्या दोन विळ्या आणि बापाचं घड्याळ आहे आत.
बायको वर्षभर विचारत असेल, लोणी कुठाय, लोणी कुठाय.

सव्वीस वर्षं, चौदा निबंध.
हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

परत तळघरात गेले, खण ओढला.
बुधल्याच्या तोंडाशी, लोण्यात, अंगठ्याचा ठसा आहे.
शेवटचा गोळा दाबून बसवलेला.
घाईत की निवांत, ते कळत नाही.
तो ठसा मोजलाय मी, आडवा, उभा, खोल.
त्या दिवशी नुसता बघत बसले.

फोन वाजला. तीच मुलगी.
पुढच्या भागात जुनी जहाजं आहेत, याल?
जहाजांतलं मला काही कळत नाही, म्हटलं.
चालेल हो, लोकांना तुम्ही आवडलात.
कदाचित, म्हणाले मी.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग ती म्हणाली,
म्हणजे हो ना?