मागाहून येणाऱ्यांसाठी

ग्दिनिया. रात्रीचे दोन. बंदराचा भोंगा.
बोगुमिलाच्या पडद्यावर तीच ओळ :
जागा शिल्लक नाही.

मेन फंक्शन जागं व्हायच्या आधीच
लोडर पंगत मांडून मोकळा.
प्रत्येक थ्रेडला त्याचं वेगळं ताट,
पदार्थांची नावं तीच,
पण कुणी कुणाचं उष्टं खात नाही.
टोकाला थोडी जागा राखलेली,
उशिरा येणाऱ्या लायब्ररीसाठी.
आज चौथी आली. दारातच अडली.

नाताळच्या आदल्या रात्री आई
एक ताट जास्तीचं मांडायची.
वर्षानुवर्षं कोरडंच उचललं.
आले तेव्हा दोघं आले,
बर्फाने भिजलेले;
आईने स्वतःचं पुढे सरकवलं,
म्हणाली, मला भूक नाहीच.

बोगुमिला आकडा बदलते :
पाचशे बाराचे हजार चोवीस.
पुन्हा चालवते.
मग आठवतं,
जेवायचं राहिलंय.