ओव्हन, कॅमेरा तीन

घाडी काजू फॅक्टरीचा डीव्हीआर
सोमवारी पोत्यात गुंडाळून आला.
हेस्कॉमच्या लाइनीवर काहीतरी झालं म्हणे,
आठही कॅमेरे एका झटक्यात आंधळे.
झाकण काढलं तर आत काजूच्या टरफलाचं तेल
धूर होऊन शिरलेलं, काळं, चिकट,
बोटाला लागलं की दोन दिवस सुटत नाही.
बोर्डावर टाचणीच्या डोक्याएवढा डाग.
त्या डागाच्या पुढं करंट जात नव्हता.

तसलंच दुसरं मशीन माळ्यावर होतं.
नंदगडच्या पास्कोल गोम्सनं बेकरी मोडली तेव्हा
तराजू, ट्रे आणि हे एकाच टेम्पोत गेलं;
टेम्पोवाल्याकडनं मी साडेतीनशेला घेतलं.
पंखा उंदरांनी कुरतडलेला, पेटी चेपलेली,
बोर्ड मात्र शाबूत.
हीटसिंकच्या फटींत मैदा.
पाच वर्षं बंद असलेल्या बेकरीचा मैदा,
ब्रशनं झाडला तर टेबलावर चिमूटभर ढीग.
फुंकर मारायला तोंड पुढं केलं
आणि का कोण जाणे, थांबलो.
कागदावर घेतला.
मग टाकलाच.

सहा स्क्रू. पाच सापडले.
त्याचा बोर्ड, ह्याची पेटी, ह्याचाच पंखा,
हार्डडिस्क ह्याची, केबल तिसऱ्याच कुणाची.
खानापुरात असंच चालतं,
कोल्हापूरचा माल, हुबळीचा सुटा भाग,
आणि गिऱ्हाईक शिव्या देतं ते दोन्ही भाषांत.

चालू केलं. पंखा फिरला, दिवा लागला.
पडद्यानं पासवर्ड मागितला.
बोर्डानं जुना मालक सोडला नव्हता.

पास्कोल आता लेकीकडं असतो, मडगावला.
मी कोण, कशासाठी, हे फोनवर दोनदा सांगितलं.
बराच वेळ नुसता तिकडच्या टीव्हीचा आवाज.
मग म्हणाला, "एक शून्य शून्य चार पाच शून्य."
"कुणाची जन्मतारीख?"
"न्हाई ओ. दहा किलो मैद्याला साडेचारशे ग्रॅम साखर.
पावाचं माप."
थांबला.
"भट्टी दिसते काय अजून त्यात?"
त्याची डिस्क मी गेल्या वर्षीच पुसून
कुणाच्या तरी कॉम्प्युटरात भरली होती.
"बघतो," म्हणालो.

गुरुवारी जोडायला गेलो.
पत्र्याखाली साठेक बायका, बोटांना राख चोळलेली,
सुरी चालू, नजर वर नाही.
घाडींना दोन किलो तुकड्याचा संशय आहे.
फाटकापाशी रुक्मव्वा पिशवी सावरत म्हणाली,
"काय घाई न्हाई बघा. नीट करा.
महिना लागला तर लागू दे."

पडद्यावर आठ चौकोन उघडले.
नावं बेकरीचीच, इंग्रजी अक्षरांत:
गल्ला. गोदाम. ओव्हन.
ओव्हन म्हणजे आता सोलणीचं शेड,
एप्रिल महिना, पंखे दोन, चालू एक.
घाडी जेवायला गेले तशी एक पोरगी डोकावली,
नववीपर्यंत गेलेली. अक्षरं जुळवली तिनं
आणि मागं वळून ओरडली,
"ओव्हनमधी बसलोय गं बायांनो आपण!"
हसू शेडभर पसरत गेलं.
पडद्यावर नुसती तोंडं हलली.
ह्या कॅमेऱ्यांना आवाज घेता येत नाही.

नावं बदलायची राहिली.
बोर्डाचं घड्याळ आठ मिनिटं पुढं आहे,
पाव वेळेवर निघावा म्हणून
पास्कोलनंच ठेवलं असेल.
सकाळचा भोंगा फॅक्टरीचा;
सुट्टी मात्र घाडी पडद्यावर बघून देतात.
मी मेनू उघडला, तारीख तपासली,
मेनू बंद केला.

बिलात लिहिलं:
बोर्ड बदलला, सफाई केली,
एक स्क्रू कमी.