दहा किलोपर्यंत

हवेतलं पाणी शोषणारं यंत्र आणलं, अकरा हजार नऊशेला.
आषाढात आमच्या खोर्लीत साड्यांना वास धरतो,
पुस्तकांच्या पाठीवर पांढरी लव उगवते,
म्हणून.
रोज अडीच लिटर.
सकाळी टाकी ओतताना खरं वाटत नाही
की एवढं सगळं रात्रभर माझ्या अंगाशी बसून होतं.
ते कुंडीतल्या नेच्यांना घालते.
नेच्यांना काय त्याचं. बाहेर धो धो चाललंय.

विजेची आदोळी मात्र पाण्यात गेली.
करवंटीसकट खरवडते मेली,
हुमणाला मातीचा रंग येतो.
परत जुनीवर बसते, गुडघा दुमडून.
गुडघ्यासाठीच घेतली होती.

लांब दांड्याचा चिमटा, दोनशे चाळीस. हा खरा कामाचा.
पलंगाखालची चप्पल, माळ्यावरची पिशवी,
एकदा न्हाणीतला बेडूक.
त्याने असं पाहिलं माझ्याकडे
जणू घर चुकलं होतं ते माझंच.

आणि काटा.
शुक्रवारच्या बाजारात, गळक्या ताडपत्रीखाली,
साडेसहाशे सांगून पावणेपाचशेला दिलेला,
पाठीवर दोन सेल, दहा किलोपर्यंत.
घेतला तो इनासिनला पकडायला.
ती तर्ले वाट्याने विकते,
वाटा म्हणजे वाटा, बाये, त्याला ग्राम नसतात.
घरी आणून तोलले. चारशे दहा. तीनशे पंच्याऐंशी. चारशे साठ.
महिनाभर वहीत उतरवून सरासरी काढली.
इनासिन लुबाडत नव्हती.
जराशी खट्टूच झाले.

एकतीस वर्षं पोस्टात तोलण्यात गेली माझी.
लिस्बनची पाकिटं, नैरोबीची, कुवेतची.
वजन वर गेलं की माणसं
पाकीट उघडून एक कागद काढून घेत,
खिडकीशीच उभ्याने वाचत,
घडी करून खिशात ठेवत.
कोणता कागद काढायचा हे ठरवताना
त्यांचे चेहरे कसे होत,
ते मी कुठल्या वहीत लिहिलं नाही.

वरच्या मजल्यावरची एझिल्डा आली एका रविवारी,
दुपट्यात दीड महिना आधी आलेली मुलगी.
दर आठवड्याला वजन बघा म्हणालेत,
पण या पावसात दोन बसा बदलून बांबोळीला…
बाय, तुमच्याकडे काटा आहे ना?

काट्यावर पितळी परात ठेवली, परातीत मऊ पातळाची घडी.
आकडा शून्यावर आणला.
मग तिला.
एक नऊशे दहा. दोन साठ. एक आठशे ऐंशी.
ठरेचना. पाय झाडत होती.
पाकिटं पाय झाडत नाहीत.
आम्ही दोघींनी श्वास धरला,
आमचाही त्यात मोजला जाईल अशा भीतीने.
तिला डुलकी लागली आणि आकडा उभा राहिला.
एक किलो नऊशे सत्तर.
मी तो मोठ्याने वाचला,
खिडकीपलीकडे रांग असल्यासारखा.

तेव्हापासून दर रविवारी, मास सुटल्यावर.
जहाजावरून जोकीचा फोन येतो,
कशी आहे विचारत नाही. किती? एवढंच.
कॅलेंडरवर एकादशीशेजारी, गॅस लावल्याच्या तारखेशेजारी
तिचे आकडे.
एका आठवड्यात वीस ग्राम घटली होती.
एझिल्डा परातीकडे बघत राहिली.
मी सेल बदलून पुन्हा तोलली. वीसच.
त्या दिवशी कुणाचंच जेवण झालं नाही.

चवथीच्या आदल्या रविवारी तीन किलो पाच.
नेवऱ्या त्याच परातीतून वर पाठवल्या.

हवेचं यंत्रही हल्ली वरच असतं, पाळण्यापाशी.
माझ्या साड्यांना पुन्हा वास धरलाय.

खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलंय
की हा काटा फक्त स्वयंपाकघरासाठी.
पावती जपून ठेवलीय, हमी एक वर्षाची.
हिशेब केला मी:
ही अशीच वाढत गेली
तर पुढच्या पावसाळ्यात दहाच्या पुढे जाईल,
आणि काटा
परत तर्ल्यांना मोकळा.