वीस बाय दहा

हा फ्लेक्स मीच छापला.
कुडचड्यात स्टेशनच्या वाटेवर माझं दुकान.
पूर्वी नाटकांची हँडबिलं, जत्रेच्या पावत्या,
आता वाढदिवस आणि श्रद्धांजली,
एकाच मशीनवर, बारा रुपये स्क्वेअर फूट.

फाइल मुंबईहून आली.
फेसवॉशची निळी ट्यूब, माणसाच्या उंचीची,
तिला टेकून प्रजय वेळीप,
डोक्यावर हुडी, हाताची घडी.
खाली ठळक:
धूळ झटक, चमक दाखव.

पोरगा ओळखीचा.
रिवणच्या बाजूचा, झेरॉक्सला यायचा
आणि सुट्टे नाहीत म्हणून चार पानं कमी काढायचा.
हे गाणं त्याने मैदानामागे केलं,
तीन पोरं, एक ब्लूटूथचा डबा.
ठेका कुठला रे, विचारलं मी.
पप्पाच्या ट्रकचा फाळका, म्हणाला.
भरलेला पडतो तो वेगळा,
रिकामा पडतो तो वेगळा,
दोन्ही मोबाइलवर धरलेत.

त्यावर शब्द:
दोरीवरचा युनिफॉर्म लाल,
विहिरीचं पाणी लाल,
सकाळची पहिली थुंकी लाल,
मग तुझ्याच अंगणात
संगमरवर पांढरा कसा रे, शेट?

पोरं ओरडली.
माझ्या पोटात गोळा आला,
कारण शेटचे बॅनरही मीच छापतो.

जाहिरात टीव्हीवर पाहिली.
फाळका तसाच ठेवलाय,
कुणीतरी म्हणालं म्हणे, मातीचा वास आहे याला.
लाल तेवढं काढलं.
'धुल्ल'चं 'धूळ' केलं,
म्हणजे कोल्हापुरातही खपेल.
आणि 'शेट'चं 'स्वेट'.
यमक शाबूत.

मग त्या मुलीचा फोन.
दादा, चेहरा थोडा उचला ना.
उचला म्हणजे?
ब्राइटनेस. प्रिंटमध्ये काळा येतोय तो.
मी म्हटलं, तो काळाच आहे.
ती हसली. वाईट नव्हती मुलगी,
जेवलात का, असंही विचारलं तिने.
मी उचलला.
एकदा, मग आणखी एकदा,
माउसच्या टोकाने, जसा लग्नात नवऱ्यामुलाचा उचलतो.
भुवईवरची खूण त्यांनी आधीच पुसली होती,
ती त्याला फाळक्यानेच लागलेली,
सातवीत असताना.

पैसे बरे मिळाले त्याला.
खाण बंद पडल्यापासून
ट्रकचे हप्ते थकले होते, ते फिटले.
मी असतो तर घेतले असते.
मी तर अजून त्यांच्याच दोन हजार चारशेची
वाट बघतोय,
नव्वद दिवस लागतात म्हणाले.

मैदानावर त्याला आता 'ट्यूब' म्हणतात.
तोही हसतो.
गाणं मात्र परत म्हणायचं नाही,
कागदावर सही आहे, तीन वर्षं,
लाल असलेलंसुद्धा नाही.

महिन्याने फ्लेक्स उतरवला
तर हा स्कूटरवर हजर.
काका, उतरवलेल्याचं काय करता?
काही नाही, म्हटलं, कोण लाकडांवर घालतं, कोण कोंबड्यांवर.
मला द्या. ट्रकावर घालतो, केबिनमध्ये पाणी जातं.
स्वतःचीच गुंडाळी केली त्याने,
पायांमध्ये उभी धरली
आणि गेला.

परवा लग्नपत्रिका पोचवायला तिकडे गेलो होतो.
कुळागराच्या कडेला ट्रक,
चारही चाकं मातीत बसलेली.
वर माझा फ्लेक्स, मी मारलेल्या कड्यांतून सुतळी ओवून
घट्ट बांधलेला.
चित्र आत, पांढरी पाठ वर.
पाठ पांढरी राहिली नव्हती.

कुत्रं भुंकलं, घरातून कुणी आलं नाही.
मी जरा वेळ थांबलो.
आत, अंधारात, फाळक्याला गाल लावून
तो चमकत असणार,
मी दोनदा उचललेला.