सत्तर मिलिमीटर

माझगावात, ताडवाडीत, चौथ्या मजल्यावर
रात्री साडेदहानंतर मी इटलीची होते.
म्हणजे त्रेन्तो घेते: लांब, निमुळती, राखाडी,
चार बुरूज, आठ तोफा, पस्तीस नॉट,
आणि कुशीला जेमतेम सत्तर मिलिमीटर पोलाद.

मागच्या खुर्चीत नाना. बशीत चहा.
छत्तीस वर्षं गोदीत प्लेटी कापल्या,
उजवा डोळा तिथल्याच उजेडाला दिला,
आणि सवय तेवढी घरी आणली:
दिसेल त्यावर बोटाच्या पेरानं टकटक.
कपाट, पाण्याचं पिंप, लिफ्टचं दार.
आवाजावरून जाडी सांगतात.

पहिल्या रात्री मॉनिटरवर टकटक करून म्हणाले,
"पत्रो केवढो?"
"सत्तर."
"आणि समोरच्याचो?"
"तीनशेवीस."
नाना हसले. चहा लेंग्यावर.

दूर ठिणगी दिसते.
तो गोळा माझ्याकडे निघालेला नसतो,
नऊ सेकंदांनंतरच्या माझ्याकडे निघालेला असतो.
त्या मला मी तिथवर जाऊच देत नाही.
सुकाणू डावीकडे, इंजिन पाव, पुन्हा पूर्ण,
आणि पाणी उभं राहतं, पांढरंफेक,
माझ्या नसण्याच्या जागी.

हे मला कुणी शिकवलं नाही.
बॅलार्ड पियरला, ऑफिसात, कंटेनर अडकला
की आवाज चढतात; मी तोवर जिन्यात असते,
हातात कुठलीतरी फाईल.
सोसायटीच्या मीटिंगला उशिरा जाते, लवकर निघते.
जतीनशी शेवटचं बोलले ते टॅक्सीच्या खिडकीतून,
टॅक्सी सुटल्यावर.

मी कुठंतरी वाचलेलं नानांना सांगितलं:
त्या काळी तिकडे म्हणे चाचणीच्या दिवशी
जहाज हलकं करून पळवायचे,
कधी तोफासुद्धा न बसवता.
वेग जास्त भरला की गोदीला बोनस.
नानांचा चांगला डोळा चमकला.
"म्हणजे आमचेच भाऊबंद,"
आणि मग बराच वेळ गोदीतल्या एका होळकर फोरमनची गोष्ट,
जी मी लढत सोडून ऐकली नाही.

काल अमरावतीच्या परीक्षितची युद्धनौका पेटली होती.
सुकाणू तुटलेलं, गोल गोल फिरत होती
बावचळलेल्या म्हशीसारखी.
हेडफोनमध्ये तो ओरडतही नव्हता.
"ताई, तुम्ही निघा," एवढंच.
माझ्याकडे धूर उरला होता. एकदाचा.
"कूस दाखव नको गो," नाना मागून.
मला ठाऊक होतं.
नाक दाखवावं, शेपूट दाखवावी, कूस नाही.
पण धूर त्याच्या आणि त्यांच्या मधे टाकायचा
तर आडवंच जावं लागतं.

आडवी गेले.
पूर्ण वेगात, धूर सोडत, सगळी लांबी उघडी टाकून.
एक, दोन, तीन
मोजत होते की श्वास घ्यायचा विसरले होते, आठवत नाही.
चौथ्याला पहिला गोळा आरपार गेला,
इतका पातळ पत्रा की फुटायलाही थांबला नाही.
सहाव्याला दुसरा. तो थांबला.

पडदा करडा. लढत आणखी सात मिनिटं चालली,
मी वरून बघत राहिले, पक्ष्यासारखी.
परीक्षित धुरातून हळूहळू बाहेर आला, जळका,
आणि वाचला. आम्ही हरलोच, ती गोष्ट वेगळी.

खिडकीबाहेर गोदीच्या क्रेनवर लाल दिवा.
खाली कुणीतरी अर्ध्या रात्री बोंबील तळत होतं.
मला वाटलं, नाना आता चूक सांगणार.
ते उठले, गुडघे वाजले,
जाता जाता माझ्या पाठीवर, खांद्याच्या फासळीखाली,
पेरानं दोनदा टकटक केलं.
कान देऊन ऐकलं.
जाडी सांगितली नाही.
"जेवलंस काय गो?"
म्हणाले, आणि बशी घेऊन आत गेले.