कोटेशन

"ताई, चोवीस डोकी हायेत, अर्जंट.
साहेबाचं डोकं जरा मोठं घ्या,
बाकीची कशीबी बसवा."
रात्री साडेअकराला हा निरोप,
मागोमाग चोवीस फोटो:
नऊ मोटरसायकलवरचे, सहा लग्नातले,
एक आधार कार्डाचा.

मी डोकी कापत बसते.
कानाच्या कडेने, टोपीच्या कडेने,
जावळ काढावं तसं हलक्या हाताने.
पहाटे पाठवते. सकाळी उत्तर येतं,
"शिंगाऱ्याचं डोकं तिडक्याच्या वर कामून?"
पैशाचं म्हणाल तर, "बसून बोलू."

असं बसून बोलायचे राहिलेले
जुन्या जालन्यात सात जण, नव्या जालन्यात अकरा.
कुंडलिकेचा पूल ओलांडताना
दोन्ही काठांना माझीच उधारी टांगलेली दिसते,
वाऱ्यावर फडफडणारी,
शुभेच्छुक, शुभेच्छुक, शुभेच्छुक.

मोईनचाचा फ्लेक्सच्या मशीनवर बसतात.
मशीन यायच्या आधी हातात ब्रश होता.
अजूनही चहाचा कप धरला
की त्यांची करंगळी भिंत शोधते.
एकदा म्हणाले, बोटांची शाई पुसत,
"बेटा, दारात सुकट टांगली
तर मांजरंच येणार ना.
तुझ्या दारात काय टांगलंय, बघ."

मी बघितलं.
मोबाईलच्या स्टेटसला, दुकानाच्या काचेवर
(दुकान कसलं, जिन्याखालची दहा बाय सहा)
सगळीकडे डोकी.

मग एका रविवारी,
नळाला आठव्या दिवसाचं पाणी आलेलं,
बादल्या भरता भरता काच खरवडली.
डोकी निघाली. डिंक राहिला.
त्यावर लावावं असं माझ्याकडे एकच होतं,
कोणीही न मागितलेलं:
मावशीच्या रानातलं वांगं.
देठाला काटे, पाठीवर उन्हाचा चट्टा,
पानाला किडीने पाडलेलं भोक.
त्या एका भोकात माझे चार दिवस गेले होते.
खाली माझ्याच हाताचं अक्षर,
काटेरी वांगं, बदनापूर.
आणि त्याच्याखाली, तीनदा खोडून चौथ्यांदा,
दर.
निम्मे आधी.

मग काय. मग काही नाही.
फाल्गुन गेला, चैत्र गेला.
एक बाई येऊन भाव विचारून गेली, किलोचा.
आई म्हणाली, "वांग्याकडं बघून पोट भरायलंय का तुझं?"
चोवीस डोकीवाल्याचा फोन आला,
त्याला दर सांगितला,
तर तो हसला, आणि त्याच्यामागे आणखी चार जण हसले,
फोन स्पीकरवर असावा.
खोटं कशाला बोलू,
वैशाखात भाडं थकलं तेव्हा
एक वाढदिवस केला मी, बारा डोक्यांचा.
पैसे आधी घेतले.
काचेवर मात्र लावला नाही.

ज्येष्ठात झुंबरलालजींचा नातू आला.
यांचं बियाणं, पाकिटं पाहिजेत.
आजवर पाकिटावर जे वांगं होतं
ते सगळ्याच कंपन्यांचं एक,
मेणाचं केल्यासारखं, कुठून तरी उतरवलेलं.
तो काचेपाशी थांबला,
चप्पल काढावी की नाही अशा बेताने.
"हे भोक?"
"किडीचं."
"पुसणार का?"
"नाही. होतं ते."
जरा वेळ गप्प.
मग त्याने विचारलं,
आणि मला वाटलं मी चुकीचं ऐकलं,
किती घेता, असं नाही.
"किती दिवस लागतील?"

रात्री कोटेशन लिहायला बसले.
हात जुन्या सवयीने
शेवटचं शून्य खोडायला निघाला.
करंगळी कागदाला टेकवली,
चाचा टेकवतात तशी.
पानातल्या भोकाएवढंच होतं ते.
राहू दिलं.